ई-सायकलची ट्रॉली : ओढायला सोपी, थांबवायला अवघड

आपल्या शाळेच्या कार्यशाळेत तयार झालेली ई-सायकलची ट्रॉली बहुतेकांनी फाटकाशी उभी असलेली पाहिली असेल. ती पाहून पालक थांबतात, चौकशी करतात, आणि ही चौकशी बहुधा तीन प्रश्नांभोवती फिरते. सायकलला कॅरिअर असताना ट्रॉली कशाला? ओझे ओढायचेच आहे, तर मोठी मोटर का बसवली नाही? आणि धाकट्या मुलांना तिच्यात बसवून आणता-नेता येईल का? विश्वस्त मंडळाच्या बैठकीत यात चौथ्या प्रश्नाची भर पडली. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ही ट्रॉली चालवू द्यावी की नाही? फाटकाशी उभ्याउभ्या दिलेली उत्तरे अपुरी राहतात, म्हणून सर्वांसाठी येथे सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम गरज काय होती ते सांगतो. आपल्या वाचनालयाचे सर्वांत नेमाने वाचणारे सभासद आजही आजी-आजोबाच आहेत. रामबाग, नारायण बाग आणि आसपासच्या भागातील ही मंडळी पूर्वी संध्याकाळी चालत येत, पुस्तक बदलून नेत. आता कुणाचे गुडघे दुखतात, कुणाला रहदारीत रस्ता ओलांडणे जमत नाही. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी, त्यामुळे पुस्तक आणून देणारे घरात कुणी नसते. दिवाळी अंक आले की फोन सुरू होतात. हे वाचक सुटले तर मराठी पुस्तके कपाटात राहतील आणि पुढच्या खरेदीसाठी विश्वस्तांपुढे मागणी कशाच्या जोरावर ठेवायची, हा प्रश्न आमच्यापुढे येईल. म्हणून पुस्तके घरी पोहोचवायचे ठरले. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दिलेली ई-सायकल होतीच. एका फेरीत पन्नास-साठ पुस्तके, परत येणारी तितकीच, आणि अधूनमधून शाळेचे इतर सामान, असा हिशेब केला तेव्हा ओझे ४० किलोपर्यंत जाईल असे दिसले.

आता पहिला प्रश्न. सायकलच्या कॅरिअरवर बहुधा त्याची मर्यादा कोरलेली असते आणि ती साधारण २५ किलोची असते. परंतु मर्यादेपेक्षाही मोठी अडचण तोलाची आहे. कॅरिअरवरचे सगळे वजन मागच्या चाकावर येते, तेही जमिनीपासून उंचावर. सायकल उभी करताना, वळवताना, हळू चालवताना ते एका बाजूला ओढते. आमच्या सायकलची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच आहे, म्हणजे त्या चाकावर आणि त्याच्या स्पोकांवर आधीच जास्त भार आहे. ट्रॉलीचे ओझे तिच्या स्वतःच्या दोन चाकांवर बसते. सायकलवर त्यातला जेमतेम दहावा हिस्सा येतो. सायकल आडवी झाली तरी पुस्तके सांडत नाहीत आणि स्वाराला ओझ्याचा तोल सांभाळावा लागत नाही.

येथपर्यंत सर्व चांगलेच वाटते. खरी समजून घेण्याची गोष्ट पुढे आहे, आणि ती दहावीच्या भौतिकशास्त्रात बसणारी असल्याने विद्यार्थ्यांनी कागद-पेन घेऊन वाचावी.

स्वार ६५ किलोचा, सायकल २४ किलोची, मिळून ८९ किलो. त्यात १६ किलोची ट्रॉली आणि ४० किलोचे सामान मिळवले की १४५ किलो झाले, म्हणजे दीडपटीहून अधिक. तरीही सपाट रस्त्यावर हे वजन पायाला फारसे जाणवत नाही. याचे कारण असे की सपाटीवर एकसारख्या वेगाने जाताना दोनच गोष्टी आपल्याला अडवतात, एक टायरचे घर्षण आणि दुसरी हवा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ट्रॉलीशिवाय ताशी २० किलोमीटरने जायला सुमारे १२० वॅट शक्ती लागते, तर भरलेली ट्रॉली जोडून ताशी १५ किलोमीटरने जायला साधारण १०० वॅट. म्हणजे वेग थोडा उतरवला की ओझे जणू नाहीसे होते! त्यात मोटर मदतीला असते, त्यामुळे स्वाराला वाटते की मागे काहीच नाही.

चढावर मात्र वजन लपत नाही. शंभर मीटर जाताना चार मीटर चढणारा रस्ता घेतला, जसा एखाद्या रेल्वेवरच्या पुलाचा उतार असतो, तर १४५ किलो वर नेण्यासाठी केवळ चढाचा म्हणून सुमारे ५७ न्यूटन जोर लागतो. टायर आणि हवेचा अडथळा मिळवून ताशी १० किलोमीटरने जायला २०० वॅटपेक्षा जास्त शक्ती हवी. धडधाकट माणूस पायांनी सलगपणे ७५ ते १०० वॅट देऊ शकतो, बाकीची मोटर देते. हिशेब जमतो, पण अगदी काठावर जमतो. त्याहून तीव्र चढावर वेग फारच पडला तर हब मोटर बॅटरीतून वीज तितकीच ओढते, पण तिच्यातली थोडीच गतीत उतरते आणि बाकीची उष्णता होऊन मोटरीतच राहते. मोटर हात लावता येणार नाही इतकी तापू शकते. म्हणून आमच्याकडे नियम असा की वेग चालण्याइतका झाला की उतरून सायकल हाताने चढवायची. यात कमीपणा कसला?

यावरूनच दुसरा प्रश्न निघाला की मग मोठी मोटर का नको. एका पालकांनी तर ती स्वखर्चाने बसवून देण्याची तयारी दाखवली, त्यांचे आभार. नकाराचे पहिले कारण कायद्याचे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यानुसार पेडलला साहाय्य करणारी सायकल मोटार वाहन ठरत नाही, पण त्यासाठी काही अटी पाळाव्या लागतात. मोटरीची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी हवी. तिची मदत कमी होत होत ताशी २५ किलोमीटरला किंवा स्वाराने पाय थांबवताच बंद पडली पाहिजे. योग्य ब्रेक आणि पुढे पांढरा, मागे लाल रिफ्लेक्टर हवा, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत हवे. मोठी मोटर बसवली की तीच सायकल नोंदणी, विमा आणि परवान्याच्या कक्षेत जाते. शाळेने असे वाहन विद्यार्थ्यांच्या हाती देणे शक्य नाही. दुसरे कारण आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते. मोटर मोठी केली तरी ब्रेक तेच राहतात. त्याचे पुढे सांगतोच.

आता बांधणी. आमच्या नववी-दहावीच्या मुलामुलींनी मापे घेणे, कापणे, भोके पाडणे आणि रंगकाम केले, तर वेल्डिंग कारागिराकडून करून घेतले. सांगाडा २५ मिलिमीटरच्या १६ गेजच्या चौरस लोखंडी नळीचा आहे. सियागंजातून आणलेल्या वीस फुटी एका नळीत अख्खा सांगाडा बसला, पुढच्या दांडीसाठी दीड मीटरचा वेगळा तुकडा घेतला. नळी काळी घ्यावी, जस्ताचा मुलामा असलेली घेऊ नये, कारण वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि तो श्वासातून गेला की ताप भरतो. मुलामा दिलेली नळी गंजत नाही हे खरे, पण रेड ऑक्साइडचा हात आणि वर रंग दिला की काळ्या नळीचेही काम भागते. पाटा ९० बाय ५६ सेंटिमीटरचा ठेवला. हे माप कोठून आले? चोइथराम मंडीत भाजीसाठी वापरतात तसे प्लास्टिकचे दोन क्रेट त्यावर शेजारी शेजारी बसतात आणि बांधायला थोडी जागा उरते. पेटी बनवण्यापेक्षा क्रेट बरे, हलके असतात, धुता येतात आणि पुस्तकांसकट उचलून घरात नेता येतात. पावसाळ्यात वर ताडपत्री.

चाकांवर थोडा वेळ घालवणे जरूर आहे, कारण घरी ट्रॉली बनवणारे बहुतेक जण येथे घाई करतात. कबाड्याकडे लहान मुलांच्या जुन्या सायकली मिळतात, त्यांची २० इंची पुढची चाके उत्तम. १२ किंवा १६ इंची चाक स्वस्त पडते, पण आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यात लहान चाक आत शिरते, मोठे वरून जाते. आता हे चाक सायकलमध्ये कसे बसते ते पाहा. त्याचा आख, म्हणजे मधला दांडा, फोर्कच्या दोन पायांत दोन्ही टोकांना धरलेला असतो. तो बोटापेक्षाही बारीक असतो, पण दोन्हीकडून आधार असल्याने पुरतो. हेच चाक ट्रॉलीच्या बाजूला एका टोकावर धरून लोंबते ठेवले, तर काही दिवसांतच आख वाकतो आणि चाके वर एकमेकांकडे कलतात. व्हीलचेअरचे चाक एका बाजूने धरण्यासाठीच बनवलेले असल्याने त्याचा आख जाड असतो, सायकलच्या चाकाचा तसा नसतो. म्हणून आमच्या सांगाड्यात प्रत्येक चाकाच्या बाहेरून आणखी एक आडवी नळी फिरवली आहे, आणि आतल्या व बाहेरच्या नळीला खाली ५ मिलिमीटरच्या पट्ट्या जोडून त्यांच्या खाचांत आख बसवला आहे. ट्रॉली यामुळे ८२ सेंटिमीटर रुंद झाली. एवढ्या रुंदीची गाडी ज्या फाटकांतून न्यायची, ती फाटके मुलांनी आधीच मोजून आणली होती.

दोन्ही चाके समांतर आहेत की नाही हे वेल्डिंगच्या आधी पाहावे लागते. गुण्या लावून काटकोन तपासायचा, मग दोन्ही कर्ण दोरीने मोजायचे. कर्ण सारखे तर चौकट सरळ. भूमितीच्या तासाला ‘याचा उपयोग काय’ असे विचारणाऱ्यांनी त्या दिवशी दोरी धरली होती, हे नमूद केले पाहिजे. चाके थोडीशी जरी तिरकी बसली तरी टायर घासून झिजतो आणि ट्रॉली एका बाजूला ओढते.

आणखी एक गोष्ट सायकलच्या चाकाविषयी. सायकल वळताना आत झुकते, त्यामुळे चाकावरचा भार नेहमी चाकाच्या पातळीतच राहतो आणि बारीक स्पोक तो सहज पेलतात. ट्रॉली झुकत नाही. वळणावर तिची चाके बाजूने ढकलली जातात, आणि या आडव्या भाराला सायकलचे चाक कच्चे असते. जोरात घेतलेल्या वळणांनी रिम वाकडी होते ती यामुळे.

आता जोडणी, म्हणजे बैलगाडीत जे जू आणि दांडीचे काम तेच. (वेल्डर हिंदी बोलणारे, आमचे चित्र मराठीत. हिंदीत ‘धुरी’ म्हणजे चाकाचा आख आणि मराठीत ‘धुरा’ म्हणजे गाडीचा पुढचा, जू बसते तो भाग! म्हणून चित्रावर दोन्ही भाषांतली नावे लिहिली. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातले, तेव्हा हे काम आमच्याकडेच आले.)

दांडी सायकलला कोठे जोडायची? सीटखालच्या नळीला जोडणे सर्वांत सोपे. पण ब्रेक लावला की ट्रॉली मागून ढकलते, आणि तो धक्का जितका उंच, तितके मागचे चाक हलके होऊन उचलले जाऊ पाहते. म्हणून जोड मागच्या चाकाच्या आखाच्या उंचीवर, शक्य तितका खाली हवा. बाजारातल्या तयार ट्रॉली मागच्या आखाच्या नटाखालीच पट्टी घालून जोडतात. हब मोटर असेल तर हे करू नये. मोटर फिरते तेव्हा तिचा आख उलट दिशेने फिरू पाहतो, त्याला खास वायसर आणि घट्ट नट रोखून धरतात. मध्ये जाड पट्टी घातली की नटाला आटे कमी मिळतात, पकड सैल होते, आणि आख फिरला तर मोटरीची वायर पिळवटून तुटते. आम्ही डाव्या बाजूच्या आडव्या आणि तिरप्या नळ्यांना मिळून धरणारी त्रिकोणी पट्टी बनवली, नळी व पट्टीमध्ये रबराचा तुकडा घातला. डावी बाजू निवडली कारण आमच्या सायकलला वायर उजवीकडून बाहेर येते आणि चेनही तिकडेच असते. सायकलची फ्रेम ॲल्युमिनियमची आहे, तिला भोक पाडायचे नाही आणि वेल्डिंग तर मुळीच करायचे नाही, फ्रेम तेथे कमजोर होते.

जोडाला तिन्ही दिशांनी हलता आले पाहिजे. वळताना आडवे, गतिरोधकावर वर-खाली, आणि सायकल झुकते पण ट्रॉली झुकत नाही म्हणून पिळाच्या दिशेने. साधी बिजागरी एकाच दिशेने हलते. त्यावर उपाय स्वस्त आहे. कॉम्प्रेसरचा, आत कापडाचे थर असलेला जाड रबरी होज वीतभर घ्यावा, एका टोकाला दांडी, दुसऱ्या टोकाला पट्टीचा खुंट, आरपार ८ मिलिमीटरचे बोल्ट आणि नायलॉनचे लॉकनट. रबर तिन्ही दिशांनी वळते आणि धक्काही खाते. परंतु रबर आज ना उद्या चिरणारच. म्हणून दांडीपासून सायकलच्या फ्रेमभोवती नायलॉनचा भक्कम पट्टा बांधलेला असतो. होज तुटला तरी ट्रॉली सुटून रस्त्यात मोकळी पळत नाही. हा पट्टा बांधल्याशिवाय ट्रॉली फाटकाबाहेर जात नाही, मग पाऊस असो वा घाई.

सामान कसे ठेवायचे यासाठी मराठीत एक नेमका शब्द आहे, आणि तो आमच्या मुलांना एका शेतकरी आजोबांकडून मिळाला. बैलगाडीत मागे जास्त ओझे झाले की पुढची बाजू वर उठते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते, त्याला गाडी ‘उलाळ’ झाली म्हणतात. ट्रॉली उलाळ झाली तर ती सायकलचे मागचे चाक उचलते आणि थोड्या वेगावर शेपटीसारखी दोन्हीकडे हेलकावू लागते. पुढे फार ओझे झाले तर सगळा भार जोडावर येतो. आम्ही आख पाट्याच्या बरोबर मध्यावर न घेता १० सेंटिमीटर मागे घेतला आहे, म्हणजे क्रेट सारखे भरले की वजन आपोआप थोडे पुढे पडते. दांडीचे टोक घरगुती वजनकाट्यावर ठेवून पाहायचे, भरलेल्या ट्रॉलीत ४ ते ६ किलो दिसले की ठीक. जड पुस्तके तळाशी, मासिके वर, आणि सर्व दोरीने बांधलेले. रिकामी ट्रॉली निरुपद्रवी वाटते, पण खड्ड्यात तीच जास्त उडते, एक चाक दगडावर चढले की उलटूही शकते. परतीच्या फेरीत म्हणून वेग वाढवायचा नाही.

आता ब्रेक. हे सर्वांत शेवटी घेतले, कारण वरच्या सगळ्या गोष्टी जमल्या तरी हा हिशेब बदलत नाही.

चालत्या वस्तूची गतिज ऊर्जा वस्तुमान आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. थांबताना ती सगळी ब्रेकना उष्णतेत बदलावी लागते. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, म्हणजे जे ब्रेक ८९ किलोसाठी होते त्यांनाच १४५ किलो थांबवायचे आहेत. शाळेच्या सिमेंटच्या अंगणात, कोरड्या दिवशी, रद्दीचे ४० किलोचे गठ्ठे भरून आम्ही खडूच्या रेघा मारून मोजले. ताशी १५ किलोमीटरवरून सायकल एकटी सुमारे ३ मीटरमध्ये थांबली, ट्रॉलीसकट ५ मीटर लागले. ताशी २० वरून ट्रॉलीसकट जवळजवळ ९ मीटर. यात ब्रेक दाबेपर्यंत जाणारा एक सेकंद धरलेला नाही, तेवढ्यात ताशी १५ ला आणखी चार मीटर आणि २० ला साडेपाच मीटर अंतर जाते. बेरीज करा : एकीकडे ९ मीटर, दुसरीकडे १४ हून जास्त. गल्लीच्या तोंडातून एखादे मूल किंवा गाय पुढे आली तर हे पाच मीटर सर्व काही ठरवतात. ओल्या रस्त्यावर दोन्ही आकडे आणखी वाढतात.

दुसरी बाब धक्क्याची. जोरात ब्रेक लावला की भरलेली ट्रॉली सायकलला सुमारे १० किलोच्या जोराने मागून रेटते. सरळ रस्त्यावर हा रेटा सरळ जातो. वळणात ब्रेक लावला तर त्यातला काही भाग मागच्या चाकाला बाजूला ढकलतो, आणि वाळू किंवा पाणी असेल तर चाक निसटते. म्हणून ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ असताना, दोन्ही हातांनी. ब्रेकच्या मुठीत मोटर तोडणारा स्विच असतो तो चालू आहे की नाही हे रोज पाहायचे, कारण पाय थांबल्यावरही मोटर क्षणभर ढकलत राहते.

मोठी मोटर नको याचे दुसरे कारण आता स्पष्ट व्हावे. ४० किलो ओढणे जड वाटत असते तर स्वार आपोआप हळू गेला असता. मोटरीमुळे ते जड वाटत नाही, म्हणून वेगाची मर्यादा आपल्याला ठरवून घ्यावी लागते. १४५ किलोची ऊर्जा ८९ किलोच्या ताशी २० इतकीच राहावी असे वाटत असेल तर वेग १५-१६ वर आणावा लागतो, हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. आमची मर्यादा ताशी १५ आहे आणि उतारावर १०.

मुलांना बसवण्याविषयी आमचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, मग मूल कितीही लहान असो आणि अंतर कितीही थोडे. मुलांसाठी बनवलेल्या ट्रॉलीत पट्टे असतात, डोक्यावर मजबूत चौकट असते, हात चाकापर्यंत पोहोचत नाहीत. आमच्या ट्रॉलीत यांपैकी काही नाही. पुस्तकांचा क्रेट रस्त्यात उलटला तर पुस्तके झटकून परत भरता येतात. काही पालकांना हे उत्तर कठोर वाटले, त्यांची अडचण खरी आहे हे आम्ही जाणतो, तिच्यावर उपाय वेगळा शोधू.

चौथ्या प्रश्नावर आमचे मत आम्ही विश्वस्तांपुढे लेखी ठेवले आहे. सध्या ट्रॉली शाळेचे कर्मचारी चालवतात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ती द्यावी असे आम्हांला वाटते, कारण आजी-आजोबांच्या दारात पुस्तक घेऊन मूल गेले तर दोन शब्द मराठीत बोलले जातात, आणि ते वाचकालाही हवे असतात आणि मुलालाही. पण त्यासाठी पालकांची लेखी संमती, हेल्मेट, अंगणात भरलेल्या ट्रॉलीसह रेघेवर थांबून दाखवण्याची परीक्षा, आणि फेरी फक्त दिवसाउजेडी व आतल्या रस्त्यांनी, एवढे असलेच पाहिजे. मुख्य रस्ता ओलांडावा लागणारी घरे कर्मचाऱ्यांकडेच राहतील. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर आणि पाच फुटी काठीवर नारिंगी झेंडा लावला आहे, कारण पाटा इतका खाली असतो की मोटारीच्या चालकाला सायकल दिसते, पण मागची ट्रॉली दिसत नाही.

खर्चाचा हिशेब कार्यालयात पाहायला मिळेल. जुनी चाके, नळी, क्रेट, रंग आणि वेल्डिंगची मजुरी धरून तो साडेचार हजारांच्या आत बसला. संमतीपत्राचे नमुने वर्गशिक्षकांकडे दिले आहेत. जोडाचा रबरी होज दर सहा महिन्यांनी, चिरलेला दिसो वा न दिसो, बदलायचा आहे. नवा तुकडा, दोन बोल्ट आणि चार लॉकनट वाचनालयाच्या कपाटात, दिवाळी अंकांच्या खालच्या फळीवर ठेवले आहेत.